खाडीतला पाय

सत्तावन्न साली लग्न होऊन तोंडवलीला आले, तेव्हा सासूबाईंनी मला खाडीच्या चिखलात पायांनी तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, शोधायला शिकवलं. बोललं की तिसऱ्या खोल जातात, असं त्या म्हणायच्या. म्हणून गढूळ पाण्याखाली त्या माझा पाय आपल्या पायाने दाबत. एकदा दाबला तर इथेच शोध, दोनदा दाबला तर घरी चल.

त्या सकाळी पाय एकदा दाबला गेला. खाली तिसऱ्याच तिसऱ्या! मी हसून वर पाहिलं.

सासूबाई केव्हाच काठावर जाऊन टोपली धूत होत्या.

"आये, माझ्या पायार कोणाचो तरी पाय आसा."

त्यांच्या हातातली टोपली सुटली. "हलू नको गो बाय. आधी पाण्यातलीक पाय सोडूंदे."

पाण्याखाली माझा पाय मायेने दाबला गेला.

मग पुन्हा एकदा.