सावलीचं माप

पायाचा ओंडका उचलला, तशी त्याच्या पोटातल्या खाचेतून बोरूची एक काडी गावरिलाच्या पायाशी पडली. जेमतेम पाच वितींची.

गडी हसले. गावरिला हसला नाही. त्याचा आजाही सुतारच. तो झटकन बाजूला सरकला. आपली सावली त्या काडीवर नको.

माराम्युरेशच्या डोंगरात असं घर आता कुणी बांधत नाही. ओकचे ओंडके कोपऱ्यांवर खाचांनी एकमेकांत बसवलेले, फटींत शेवाळ ठासलेलं, खिळा एकही नाही. शहरातलं संग्रहालय ते उचलून नेत होतं.

घरमालकीण दोचिया कुंपणाशी बसली होती. ऐंशीची. म्हातारी भिंतीशी बोलते, उंबऱ्यावर दूध ठेवते, म्हणून गाव तिला हसायचं. सकाळी वाटी रिकामी असायची. मांजर पीत असेल म्हणावं, तर त्या घरात मांजर कधी टिकलंच नाही.

"मावशी, कुणाची सावली मोजलीय ही?"

"माझ्या थोरल्या बहिणीची. इलिंकाची."

आजा गावरिलाला सांगायचा. जुने सुतार एखाद्या वाटसरूची सावली गुपचूप काडीनं मोजत आणि काडी भिंतीत चिणत. चाळीस दिवसांत तो माणूस मरे आणि घराची राखण करत बसे. पण वाटसरूची. परक्याची.

"बापानं पोटच्या पोरीची मोजली?"

"भिंत दोनदा खचली होती. हिवाळा तोंडावर, वाटेला माणूस फिरकेना."

"मग पुन्हा खाचेत ठेवतो. नाहीतर घर तिकडे उभं राहायचं नाही."

"नको. घर न्या तुम्ही. ती माझ्याबरोबर येईल."

दोचियानं डोक्याचा रुमाल सोडला, तान्ह्या बाळासारखी काडी त्यात गुंडाळली. "सदतिसाव्या दिवशी गेली. ना ताप, ना खोकला."

"कसाईच म्हणायचा तुझा बाप!" एक गडी बोलून गेला.

"नाही रे." ती हळूच म्हणाली. "मी तेव्हा हाडांचा सापळा. हिवाळा काढणार नाही, असं सगळेच म्हणायचे. म्हणून उन्हात ये अशी हाक त्यांनी मला मारली. माझं तोंड बघवेना, म्हणून मान खाली घालूनच सावली मोजली. आणि माझ्याऐवजी धावत आली होती इलिंका."