मडीची वाट

"वन्सं, आता तरी काढा तो मास्क. चोरी करून आल्यासारखं तोंड काय लपवताय?"

वरलक्ष्मी हे हळू बोलली नाही. मुंजीचा मुहूर्त नुकताच पार पडला होता, नादस्वर थांबला होता, आणि कानडी मुलखातल्या हिनकलच्या त्या कल्याणमंटपात नेमकी तेवढ्यापुरती शांतता होती. मुंजमुलाची आईच ती; तिचा आवाज शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचला. बायका वळून बघू लागल्या. तिची नणंद नागरत्ना भिंतीकडेला, उघड्या खिडकीखाली बसली होती. मांडीवर घरून आणलेला डबा, बाजूला स्वतःची पाण्याची बाटली.

"इथं बरी आहे मी, वरलक्ष्मी."

"बऱ्या असणारच! आमची कोसंबरी नको, आमचं पाणी नको. आमच्या अंगाला काय रोग चिकटलाय?"

"अय्यो, करोना जाऊन किती वर्षं झाली, नाही का?" मागून कुणीतरी री ओढली. "सुम्ने, उगाच नाटक. कॉलेजात शिकवते ना, त्याचा तोरा." एकीनं तर मोबाईल काढून फोटोच घेतला. आता तो नात्यातल्या सगळ्या ग्रुपांवर फिरणार, हे नागरत्नेला ठाऊक होतं.

तेवढ्यात "सरा, सरा! मडी आहे, शिवू नका!" असा पुकारा करत गोदावरीबाई नैवेद्याचं ताट घेऊन आल्या. मडी म्हणजे सोवळं. या थोरल्या काकूंनी मडीत असताना पोटच्या पोरांनाही कधी जवळ येऊ दिलं नाही. बाहेरचं पाणी त्यांना चालत नाही, दुसऱ्याच्या हातचं शिजलेलं चालत नाही. पण त्यांना कुणी बोलेल? छे! माणसं भराभर बाजूला झाली, बायकांनी पदर आवरले, एक जाडजूड गृहस्थ तर खुर्ची उचलून भिंतीला चिकटले. गोदावरीबाई करतात तो आचार, आणि नागरत्ना करते तो माज. कमाल आहे बाई या लोकांची!

मग बिंदुमाधवकाका तीर्थ वाटत आले. सकाळपासून शिंकून शिंकून त्यांचं नाक लाल झालं होतं. नागरत्नेसमोर आले, हातानं नाक पुसलं आणि त्याच हातानं पळी भरली.

"घे."

"मला नको, काका. लांबूनच नमस्कार करते."

"तीर्थ नको?" काकांचा आवाज चढला. "देवाचं तीर्थ नको म्हणतेस? मुंजीच्या मांडवात?"

वरलक्ष्मी जणू याचीच वाट बघत होती. तरातरा पुढं आली. "बघा हो सगळे, बघा! आमच्याच घरची किडनी चालली यांना. आणि आमच्याच घरचं तीर्थ चालत नाही!"

चिदंबरनं, म्हणजे वरलक्ष्मीच्या नवऱ्यानं, आपली एक किडनी थोरल्या बहिणीला दिली होती हे नात्यात सगळ्यांना माहीत होतं. पण असं चारचौघांत कुणी काढलं नव्हतं. ती किडनी अंगानं झिडकारू नये म्हणून नागरत्ना रोज ज्या गोळ्या घ्यायची, त्या गोळ्या अंगातली रोगाशी झुंजायची ताकदच मारून टाकायच्या. दुसऱ्याची साधी सर्दी तिला दवाखान्यात नेऊन निजवायची. हे तिचं प्रत्येकाला सांगून झालं होतं. प्रत्येकानं मान डोलावली होती आणि प्रत्येक जण विसरून गेला होता.

"तुमच्या घरची आहे, म्हणूनच जपते गं," नागरत्ना म्हणाली. "माझी स्वतःची असती ना, तर तुझं एवढं ऐकून घेतलं नसतं. मास्क फेकून पंगतीत बसले असते."

चिदंबर बोहल्यावरून उतरून येताना दिसला, तसा तिला धीर आला. तो यजमान, उघड्या अंगानं होता. खांद्यावरचं उपरणं घसरलं होतं आणि डाव्या कुशीतला लांबलचक व्रण सगळ्या मांडवाला दिसत होता. हा तरी बोलेल, तिला वाटलं.

"अक्का," तो खालच्या आवाजात म्हणाला, "घे ना. एका पळीनं काय होतंय? एवढी माणसं बघताहेत."

इतका वेळ जे नुसतं लागत होतं, ते आता आतवर गेलं. ती त्या व्रणाकडे बघत राहिली.

"चिदंबर, ही गेली तर तुझ्याकडे अजून एक आहे. पण ती मी मागायला येणार नाही."

चिदंबरनं उपरणं ओढून कुशीवर घेतलं.

नागरत्नेनं डबा पिशवीत घातला, बाटली घातली आणि ती उठली. पण जायचं कुठून? तमाशा बघायला सगळा मांडव तिच्याभोवती दाटला होता. कुणी खोकत होतं, कुणी वाकून बघत होतं. "जाऊ द्या मला," ती म्हणाली. कुणी तसूभर हललं नाही. "भरल्या मांडवातून न जेवता उठून जातेय," कुणीतरी म्हणालं, "आणि वर तोंड करून बोलतेय."

"सरा! मडी आहे!"

नैवेद्य दाखवून गोदावरीबाई मागच्या दाराकडे, स्वयंपाकघरात परत निघाल्या होत्या. झालं! गर्दी मधोमध फाटली. वरलक्ष्मी सरली, शिंकणारे काका सरले, मोबाईलवाली सरली. थेट दारापर्यंत स्वच्छ, मोकळी वाट झाली. नागरत्नेनं पिशवी छातीशी धरली आणि ती गोदावरीबाईंच्या मागोमाग चालू लागली.

पाऊल वाजलं तशा गोदावरीबाई गर्रकन वळल्या. "अगं ए, लांब! शिवशील मला. अंतर ठेव!"

"ठेवते, काकू," नागरत्ना म्हणाली. "तुम्ही फक्त ओरडत चला."