कांचनजंगेवर सोडलेली जागा

मृण्मयीने बर्फाचा तुकडा यंत्रात ठेवला. "ताई, यातला आवाज ऐकताना बर्फ वितळतो. रेकॉर्डिंग एकदाच होईल, तेव्हा अगदी गप्प बसा हं!"

"कीर्तनकाराला गप्प बसवतेस होय गं?" कुमुदताई हसल्या. कीर्तनात त्यांच्यामागे उभं राहून ओळ उचलणारे त्यांचे यजमान वामनराव कांचनजंगेच्या चढाईवरून परतलेच नव्हते. शिखर देवाचं, म्हणून गिर्यारोहक माथ्याच्या थोडं अलीकडेच थांबतात. तिथलाच हा बर्फ. गोठताना त्याने भोवतालचे आवाज धरून ठेवले होते.

आधी नुसता वारा आला. मग धापा टाकत वामनराव म्हणाले, "जय जय रामकृष्ण हरी!" आणि थांबले. पुन्हा तेच म्हणाले, पुन्हा थांबले.

"मध्येच आवाज तुटतोय," मृण्मयी कुजबुजली.

"तुटत नाही गं. आयुष्यभर मी म्हणायचे, ते मागून उचलायचे. आज ते पुढे आहेत. माझ्यासाठी जागा सोडतायत."

"ताई, नको! रेकॉर्डिंग बिघडेल!"

कुमुदताईंनी डोळे मिटून टाळी धरली आणि ओळ उचलली. त्यांचा सूर टेकतो न टेकतो, तोच वितळत्या बर्फातून वामनरावांनी पुन्हा नाम घेतलं, बरोबर समेवर.