राखीव खुर्ची

"माणूस हरवलात तुम्ही, आणि उभं राहायची शिक्षा आम्हाला?"

बेपत्ता जवानाच्या बहिणीचा आवाज सभागृहाच्या दारापर्यंत गेला. व्यवस्था बघणाऱ्या साहेबाने पाहुण्यांकडे चोरून पाहिलं आणि ओढूनताणून हसू आणलं.

"ताई, हळू बोला. एका बेपत्ता जवानामागे घरच्या एकालाच पास. तुम्हाला खुर्ची दिली ना? मग हे सोबत कोण?"

"घरचंच माणूस आहे."

"मग घरच्या माणसाला राहू द्या मागे उभं."

सोबतचा म्हातारा मागे सरकला. त्याचा एक पाय गुडघ्यात वाकत नव्हता. भिंतीला टेकून तो सगळ्यात पुढची रांग बघत होता. लढाईवरून न परतलेल्या प्रत्येकासाठी तिथे एक खुर्ची मांडायची, तिच्यावर त्याचा फोटो ठेवायचा, आणि कार्यक्रम संपेपर्यंत तिला कुणी हातही लावायचा नाही, अशी इथली रीत.

"फोटो उलटा छापलाय," त्यातल्या एका फोटोकडे बघत तो पुटपुटला. "भांग दुसऱ्या बाजूला होता."

"यांना सरळ काय जमलंय आजवर?" बहीण म्हणाली, आणि पुन्हा साहेबाकडे वळली. "दादाच्या अर्जाचं काय झालं?"

"वर पाठवलाय."

"मागच्या वर्षीही वरच होता. वर म्हणजे कुठे, देवाकडे?"

"खात्री झाल्याशिवाय नावापुढचा बेपत्ताचा शेरा काढता येत नाही, ताई. बसा आता. मोठे साहेब बोलायला उठले."

मोठे साहेब गहिवरले. "वीरांनो, तुम्ही कधीही या! तुमची जागा आम्ही राखून ठेवली आहे!"

टाळ्या थांबेनात. म्हाताऱ्याचा पाय लटपटायला लागला. बहिणीने त्याला आपली खुर्ची देऊ केली.

"नको. तुझी कंबर कुठे धड आहे?"

मग मात्र तिचं डोकं फिरलं. त्याचा दंड धरून ती तडक पहिल्या रांगेत गेली आणि खुर्चीवरचा तो उलटा छापलेला फोटो उचलून तिने काखेत मारला.

साहेब धावत आला. "अहो, काही लाज? बेपत्ता जवानाची खुर्ची आहे ती!"

"ठाऊक आहे." तिने म्हाताऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला. "बस रे दादा."

म्हातारा बसला. न वाकणारा पाय त्याने सावकाश लांब केला.

"हं, आता सांगा साहेब. उठवताय याला?"