मुहूर्ताचा नारळ

"थांबा बाई, आधी नारळ!" शाळेतल्या मुलींनी महिनाभर खपून जोडलेल्या छोट्याशा रॉकेटला मुख्याध्यापकांनी कुंकू फासलं, हार घातला आणि त्याच्या बुडाशीच नारळ फोडला. पाणी नेमकं वातीवर सांडलं. विज्ञान शिकवणाऱ्या खोपकर बाईंना शिसारी आली.

मुलींनी बटण दाबलं, काही पेटेना. "मुहूर्त चुकला," सर हळहळले.

मुहूर्त कसला डोंबलाचा! बाईंनी हार ओरबाडून काढला, भिजलेली वात फेकून कोरडी बसवली. मुलींनी पुन्हा बटण दाबलं. रॉकेट सुसाट आभाळात गेलं.

"देव पावला!" सर ओरडले.

त्यांना चार शब्द सुनावायला बाई वळल्या, तर स्वतःचेच दोन्ही हात छातीशी जोडलेले आणि ओठांवर गणपतीचं नाव. शी! खरकटे असल्यासारखे त्यांनी ते हात पदराला पुसले.