न दिसलेले स्टूल
शिडीवरून पडून डोक्याच्या मागील भागास मार बसल्यापासून सुताराची दृष्टी संपूर्ण लोपली होती. परंतु त्या सकाळी दवाखान्याच्या व्हरांड्यात वाटेत असलेल्या स्टुलास त्याने अलगद वळसा घातला, आणि मेहुण्याने ते नेमके हेरले. “ताई, स्टूल कसं बरोबर चुकवलं, पाहिलंस? दाजींचं नाटक आहे सगळं!” “कुठलं स्टूल?” सुतार गोंधळून म्हणाला. बायकोचे मुख म्लान झाले; कारण अपघातापासून लोकांचे कपडे शिवून घर ती एकटीच चालवीत होती. डॉक्टरीणबाईंनी तिघांना समोर बसविले. “डोळे ह्यांचे ठणठणीत आहेत. मेंदूचा जो भाग ‘दिसलं’ म्हणून आपल्याला कळवतो, तो दुखावलाय. पण डोळ्यांचा निरोप दुसऱ्या एका आडवाटेनेही मेंदूत पोचतो. त्या वाटेने पायांना स्टूल समजलं, ह्यांना नाही.” “म्हणजे दाजींपेक्षा त्यांचे पाय हुशार!” मेहुणा पुटपुटला. बायको उठून नवऱ्यासमोर उभी राहिली, तिने आपला हात आवाज न करता एका बाजूस धरला आणि ती म्हणाली, “माझा हात धरा बघू. अंदाजाने.” “कशाला थट्टा करतेस?” असे म्हणत त्याने हात पुढे केला; क्षणभर तो हवेत थबकला, आणि मग सरळ बाजूस वळून तिच्या तळहातावर विसावला. “दिसला?” तिने विचारले. “नाही गं,” तो ओशाळून म्हणाला. मेहुण्याने तोंड उघडले, तोच ती कडाडली, “गप रे! दिसत नाही म्हणतायत ना, मग नाही दिसत.” तिचा हात त्याच्या हातात तसाच राहिला.