तपासलं कोणी

बहीण सोमवारपासून दुसऱ्या कंपनीत जाणार होती, आणि जाण्याआधी आपल्या जागी बसवायचं सॉफ्टवेअर तिलाच निवडून द्यायचं होतं. थोरला भाऊ तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसला होता आणि प्रत्येक किमतीला नाक मुरडत होता.

दोघांचं दोन खोल्यांचं ऑफिस. काम स्टीलच्या इमारतींच्या जॉइंटचं. बीम कॉलमला जिथे येऊन मिळतो तिथे बोल्ट किती, प्लेट केवढी जाड, वेल्डिंग किती लांब, हे ठरवून द्यायचं. रीत वडिलांपासूनची. एकाने गणित मांडायचं, दुसऱ्याने पहिल्याचं उत्तर न बघता तेच गणित पुन्हा मांडायचं, मग दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवायचे. जुळले तरच ड्रॉइंग बाहेर. मांडायचा भाऊ, ताडून बघायची बहीण. आता ती निघाली, तर तिचा कागद कुठून आणायचा?

पहिलं सॉफ्टवेअर मोठ्या नावाचं होतं. किंमत बघून भावाने विचारलं, एवढ्यात ऑफिसही सोबत देतात का. बहीण म्हणाली, आपल्याकडे चार तऱ्हेचे जॉइंट येतात, चारशे तऱ्हांचे पैसे कशाला द्यायचे. दुसरं चक्क फुकट होतं. भावाचा चेहरा खुलला. पण ते नुसतं उत्तर सांगायचं, ते कसं आलं ते सांगायचं नाही. बहिणीने ते बंदच करून टाकलं.

तिसरं महिन्याच्या भाड्यावर मिळत होतं. चारच तऱ्हा, पण हिशेबाची पायरी न् पायरी दाखवणारं. आठवडाभर तिने आपले जुने जॉइंट त्यात घालून पाहिले होते. एका ठिकाणी उत्तर जुळेना, तेव्हा चूक तिचीच निघाली, आणि तिला त्याचा आनंद झाला. भावाला मात्र तिचा तो आनंद बघवला नाही. वर्षाचं भाडं एकदम भरलं तर काही कमी करतील का, एवढंच तो म्हणाला. ते तिने आधीच विचारून ठेवलं होतं. करणार होते.

राहा, जाऊ नकोस, हे कितीतरी दिवस त्याच्या ओठांवर होतं. पण तोंड उघडलं की बाहेर किंमतच यायची.

बहीण उठून आपला खण आवरायला लागली. मी नसताना जमतंय का ते आताच बघ, म्हणाली. भावाने सध्या हातात असलेल्या गोदामाच्या कामातला एक जॉइंट घेतला. आकडे भरले, एकदा चुकला, पुन्हा भरले. सगळ्या पायऱ्या हिरव्या झाल्या, म्हणजे जॉइंट पास. त्याला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचं वाईटही वाटलं. मग छापण्याआधी सॉफ्टवेअरने दोन नावं मागितली. डिझाइन कोणी केलं, आणि तपासलं कोणी.

त्याने दोन्हीकडे स्वतःचं नाव घातलं. सॉफ्टवेअर अडलं. तपासणारा वेगळा हवा, म्हणे. आडनाव आधी घालून पाहिलं, तरी अडलं. माणसाच्या जागी आणलेलं यंत्र माणूसच मागत होतं.

"स्वस्तातलं आहे ना, म्हणून नखरे," तो म्हणाला.

बहीण हसली नाही. तिने ताडून बघितलेल्या एकूण एक ड्रॉइंगवर, करणारा आणि तपासणारा अशा दोन्ही चौकटींत भावाचंच नाव होतं. ती नवीन होती तेव्हा ते गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी होतं, पुढे सवयीने तसंच राहिलं. एकदा तिने विचारलंही होतं. घरातल्या घरात नाव कशाला मिरवायचं, असं म्हणून त्याने ते हसण्यावारी नेलं होतं. ते वाक्य त्याला आता जसंच्या तसं आठवलं, आणि अगदी खजील झाल्यासारखं झालं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो कळसा तर त्याने बिननावाचाच ठेवला होता.

त्याने दुसऱ्या चौकटीतलं आपलं नाव पुसलं आणि तिचं घातलं, आडनावासकट, एकेक अक्षर बघून. सॉफ्टवेअरने मुकाट घेतलं. पान तयार झालं. त्याने स्क्रीन तिच्याकडे वळवला.

"हे बघ. आधीच करायला हवं होतं मी." मग म्हणाला, "यापुढे असंच जाईल सगळं. नाही गेलीस सोमवारी, तर नाही का चालणार?"

ती खण तसाच उघडा टाकून आली. टेबलापाशी उभी राहून आपल्या नावाकडे बघत राहिली. त्या नावाखाली ऑफिसचं नाव होतं, वडिलांनी ठेवलेलं.

"छान दिसतंय, दादा," ती म्हणाली. मग वाकून तिने कीबोर्ड आपल्याकडे ओढला आणि शेवटच्या अक्षरापासून आपलं नाव पुसायला घेतलं.

"पण हा जॉइंट मी तपासलेला नाही."